थापाड्या डोळ्याचा वैरी

बस्त्याव आमच्याकडे आला की चहा पिण्याआधी पेला मोजायचा. खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढायची, पेल्याची उंची घ्यायची, तोंडाची रुंदी घ्यायची आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचं, "वहिनी, डोळा थापाड्या असतो."

तो वसईचा. मस्कतजवळ अझैब्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा, एका हॉटेलात रंगकाम आणि फरशीकामाचा फोरमन होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बायको फिलोमिना आणि मुलगी लवीना गावी. इथे हा आणि त्याची पट्टी.

पेल्यांबद्दलचा त्याचा संशय मात्र रास्त होता. मी तेव्हा बत्तीस वर्षांची, अंगात मावत नाही इतकी हुशार. पाहुण्यांसाठी मुद्दाम उंच, निमुळते पेले आणले होते. सरबत लागतं थोडं, दिसतं भरपूर! ही युक्ती जगात फक्त मलाच सुचली, असा माझा समज. एका शुक्रवारी आठ पाहुण्यांसमोर बस्त्यावने आपलं सरबत आमटीच्या वाटीत ओतलं. वाटीसुद्धा भरली नाही. पाहुण्यांनी आपापल्या पेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या ह्यांना नेमकं तेव्हाच गच्चीवरचे कपडे आणायचं आठवलं.

"तुमची चूक नाय, वहिनी," बस्त्यावने माझी समजूत घातली. "पेल्याची चूक."

मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी मीच जिन्यात अडवून विचारलं, की या आडव्या पट्ट्यांच्या ड्रेसमध्ये मी जाड दिसते का?

"दिसता. पण भास आहे की खरं, ते मोजल्याशिवाय कसं सांगू?" म्हणत त्याने खिशात हात घातला. मी घरात पळाले आणि दार लावून घेतलं. तो ड्रेस पुढे मोलकरणीनेही नेला नाही.

बस्त्यावचा सगळ्यात मोठा राग चंद्रावर. उगवताना परातीएवढा, वर चढला की पुरीएवढा! "चंद्र तेवढाच असतो, वहिनी. पाठ करून वाका आणि दोन पायांमधून बघा. लगेच लहान होतो."

"काहीतरीच!" मी म्हटलं.

"मग यल्ला, किनाऱ्यावर चला."

पौर्णिमेच्या संध्याकाळी आमची वरात अझैब्याच्या किनाऱ्यावर गेली. मी ओढणी कमरेला खोचली आणि वाकले. आणि खरंच की हो! परातीची पुरी झाली. मी तशीच, डोकं खाली ठेवून, किंचाळले, "लहान झाला! लहान झाला!"

एवढ्यात माझ्या पायांच्या कमानीत, चंद्राच्या शेजारी, एक उलटं कुटुंब चालत आलं. आमच्या ह्यांचे अर्बाब, म्हणजे कंपनीचे मालक, बायकोपोरांसह फिरायला निघाले होते.

"मॅडम ओके?" त्यांनी काळजीने विचारलं.

"ओके, ओके," हे घाम पुसत म्हणाले. "मॅडम सीइंग मून."

पुढच्याच क्षणी अर्बाबांची तिन्ही पोरं ओळीने वाकली. अर्बाब वाकले नाहीत. पण मान बरीच तिरकी केली, हे मी माझ्या (उलट्या) डोळ्यांनी पाहिलं.

तर अशा या माणसाची रजा मंजूर झाली. मधली एक रजा हॉटेलने रद्द केली होती, त्यामुळे तो तब्बल चार वर्षांनी घरी निघाला होता. आनंदाने नाचायचं सोडून आमच्या दारात येऊन बसला.

"मागच्या खेपेला लवीना आजीच्या मागे लपली, वहिनी," तो म्हणाला. "मला अंकल म्हणाली. या वेळी तरी जवळ येईल ना?"

तिला फ्रॉक घ्यायला तो मला रुवीच्या बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेला.

"साइज?" दुकानदाराने विचारलं.

बस्त्यावने तळहात आपल्या कमरेपाशी आडवा धरला. "इतनी."

झालरीचा गुलाबी फ्रॉक समोर आला. बाहुलीला बसेल असा.

"बस्त्याव, लवीना किती वर्षांची आता?"

"अकरा," तो झटकन म्हणाला. हात तिथेच, कमरेशी.

"तिचे फोटो येतात ना?"

"येतात की. त्यात एवढीच तर दिसते."

ते फोटो मी पाहिले होते. अंगणात एकटीच उभी असलेली मुलगी, शेजारी ना माणूस ना झाड. एरवी मी अशी संधी सोडली नसती, चार बायकांना नक्कल करून दाखवली असती. त्या दिवशी मी दुकानात इकडेतिकडे पाहिलं. शेजारी एक शाळकरी मुलगी आईबरोबर उभी होती. दोघी मराठीत बोलत होत्या.

"बाळ, कितवं गं तुला?"

"इलेव्हन, आंटी."

"जरा या अंकलजवळ उभी राहतेस? एक फ्रॉक घ्यायचाय."

ती येऊन उभी राहिली. तिचं डोकं थेट त्याच्या खांद्याला लागलं.

बस्त्यावचा हात कमरेपासून हळूहळू वर आला आणि खांद्यापाशी थांबला. बराच वेळ तिथेच राहिला. मग त्याने गुलाबी फ्रॉकची घडी स्वतःच घातली आणि दुकानदाराला परत दिली.

"तुझे डॅडी घरी आले," त्याने त्या मुलीला विचारलं, "की तू काय करतेस?"

तिला प्रश्नच कळेना. तिने आईकडे पाहिलं.

"काय... काही नाही करत, अंकल. डॅडी तर रोज येतात."