तापकीरभाऊंचे सारखे चौकोन

तापकीरभाऊ दुसऱ्याने पाठवलेल्या मीटिंगच्या लिंकवर कधीच जात नाहीत. "लोकाच्या वट्यावर बसून आमी बोलत न्हाई. सोताचं पायजे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लग्नालाही ते गाडीच्या डिकीत स्वतःची घडीची खुर्ची टाकून नेतात, त्यामुळे हे फार मनावर घेऊ नये.

ज्या कंपनीने नोकरी दिली तिच्याविषयी वाईट बोलू नये, असं वडिलांनी मला उदगीरच्या स्टँडवर बजावलं होतं. मी घरातला पहिला पदवीधर. वडिलांचं ते सांगणं मी पाळतो. तापकीरभाऊंविषयी मात्र त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

भाऊ मूळ चऱ्होलीचे. महाळुंग्याच्या आमच्या कारखान्यात संगणक विभागात आम्ही दोघेच. त्यांनी स्टोअरमध्ये पडून असलेला एक जुना संगणक उचलला, त्यावर लिनक्स चढवलं आणि कंपनीसाठी व्हिडिओ मीटिंगचा 'सोताचा' सर्व्हर उभा केला. शिकले ते मोबाईलवर व्हिडिओ बघून. लिहिलेल्या सूचना वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं. चुकलं की सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरू. बॅकअप घ्या म्हटलं तर, "भित्र्या माणसाचं काम हाय ते." मी संगणकशास्त्राची पदवी घेऊन पंख्याचा रोख त्या तापलेल्या डब्याकडे वळवत बसायचो.

चार महिन्यांनी सर्व्हर चालला. म्हणजे, मीटिंग उघडली की लाल अक्षरात धोक्याची सूचना यायची आणि भाऊ म्हणायचे, "त्याला काय कळतंय? पुढं जा."

पण खरा तिढा चौकोनांचा होता. इतर ठिकाणी जो बोलतो तो पडद्यावर मोठा होतो. भाऊंच्या सर्व्हरवर कोणीच मोठं होत नाही. आमचे प्लँट हेड उत्पादनावरून तापलेले असायचे आणि शेजारच्या तेवढ्याच चौकोनात कँटीनवाला नाक पुसत असायचा.

"तापकीर, मी बोलताना मला मोठं करा."

"व्हत न्हाई, साहेब."

"होत नाही, की करत नाही?"

"दोन्ही."

साहेबांनी मला आत बोलावलं. शुक्रवारच्या मीटिंगला ते मोठे दिसले नाहीत तर तो डबा भंगारात जाणार होता. "तुम्ही शिकलेले आहात ना? बघा." एका फाइलमधली एक ओळ बदलायची होती. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. मी अजून कायम झालो नव्हतो.

जेवणाची सुट्टी साधून मी सर्व्हरच्या खोलीत शिरलो. भाऊ तिथेच होते. पडद्यावर तीन चौकोन. दोहोंत दोन तरुण आपापल्या घरून एकमेकांवर ओरडत होते. तिसऱ्यात एक म्हातारी बाई नुसते हात हलवत होती. आणि दिवसभर तोंड चालवणारे भाऊ तोंड मिटून तिला हातांनीच उत्तर देत होते.

"आमची आक्का," ते वळून न बघता म्हणाले. "जल्मापासून ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई. हे तिचे दोन पोरगे. त्या लोकाच्या मीटिंगमदी जो वरडंल तो मोठा. हे दोघं भांडायचे आन आक्का जायची कोपऱ्यात. ती काय म्हणती ते दिसायचंच न्हाई."

"भाऊ, मग सर्व्हरवर साहेबांची मीटिंगची खोली वेगळी करू. तिथे ते मोठे दिसतील. आक्कांची आहे तशीच राहील."

भाऊंनी बोटाने कीबोर्डवरची धूळ पुसली. "ते मला येत न्हाई," ते म्हणाले. "दोनदा केलं. सगळ्यांचंच बदलतंय."

इतके दिवस शेजारी बसून या माणसाने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं!

मी खुर्ची ओढली. पासवर्ड त्यांनीच टाकला, तोही मला मान वळवायला लावून. वीस मिनिटांत साहेबांची खोली वेगळी झाली. सर्व्हर बंद करून चालू करावा लागला, तेव्हा चौकोन गेले आणि भाऊ काळ्या पडद्याकडे बघत उभेच राहिले. सगळ्यांत आधी आक्का परत आल्या. आता पुढ्यात ताट होतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि पाच बोटं जुळवून ओठांशी नेली.

"जेवला का, इचारती."

मी मानेनेच नाही म्हटलं. आक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि कॅमेऱ्याशी धरला. त्यांचा चौकोन भाकरीने भरून गेला.

"आ कर की," भाऊ माझ्यावर खेकसले. "तिला वाईट वाटंल."