म्हातारपणाची रंगीत तालीम

टेलरमास्तरांनी दुकान मुलाच्या स्वाधीन करून निवृत्ती पत्करली आणि त्यांच्या संसारात एक बिकट प्रश्न उपस्थित झाला. पत्नीचे म्हणणे असे की, हे उंबऱ्या-उंबऱ्यांचे जुने घर विकावे, लिफ्टवाला फ्लॅट घ्यावा आणि उरलेली रक्कम आजारपणासाठी राखून ठेवावी. मास्तरांचा जीव मात्र या घराच्या विटेविटेत गुंतला होता.

"उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात, तर मी एकटी कशी हलवू?"

"चाकांची खुर्ची आणू. ती घरभर फिरली, तर घर विकायचं नाही. कबूल?"

"आणि अडकली तर?"

"तर उद्याच गिऱ्हाईक बघू."

मास्तरांनी भाड्याने खुर्ची आणली, टेप लावला. दार आणि खुर्ची तंतोतंत! विजयी मुद्रेने आसनस्थ होऊन त्यांनी स्वयंपाकघराकडे प्रयाण केले आणि चौकटीत खुर्ची पाचरीसारखी रुतली. पत्नी आत कोंडली गेली.

"जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलात, थोडं ढगळ असू द्या म्हणून! आणि स्वतःच्या वेळी?"

"बोलू नकोस, ढकल!"

तिने ढकलले, त्यासरशी खुर्ची अधिकच घट्ट बसली. आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या.

"अगं बाई! सकाळी तर धडधाकट होते!"

"काकू, ही नुसती ता... ता..."

"वाचासुद्धा गेली हो बिचाऱ्यांची!"

हां हां म्हणता बैठक माणसांनी भरली. कुणी तेल चोळण्याचा सल्ला दिला, कुणी आपल्या भावाच्या इस्पितळाचे बिल सविस्तर कथन केले. अखेर सुतार आला. त्याने एका बाजूची चौकट उखडली आणि दुसरीला करवत लावली, तोच मास्तरांना राहवेना.

"अरे, तिथं नको! इथं काप!" असे म्हणत ते ताडकन उठले व त्यांनी चौकटीवर बोट ठेवले.

काकूंनी हात जोडले.

"अहो," आतून आवाज आला, "म्हणजे तुम्हाला उठता येत होतं?"

"तालमीत इतका रंगलो, की ध्यानातच आलं नाही."

मोकळी झालेली खुर्ची पत्नीने आत ओढली आणि हसता हसता तिच्यात बसकण मारली. तिला लवकर उठवेना. मास्तरांचे हसू मावळले.

"काय गं?"

"गुडघे. वर्ष झालं. लिफ्ट काय तुमच्यासाठी मागत होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"डॉक्टरचा खर्च ऐकून तुम्हीच अंथरूण धरलं असतं!"

मास्तरांनी खुर्चीच्या मुठी धरल्या आणि तिला रुंदावलेल्या दारातून अलगद बैठकीत आणले. खुर्ची कुठेही घासली नाही. पत्नीने एकदा वळून त्या दाराकडे पाहिले.

"सुतारभाऊ, आलाच आहात तर उंबरेही काढा. अन् न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, माझ्या हाताला पुरेल असा. ह्यांचं म्हातारपण अजून तालमीतच आहे."