घरात दोन भागीरथा

आरमोरीला लाकडाच्या ठेक्यावर कारकुनी करणाऱ्या देवाजीनं आयुष्यात एकच निर्णय बायकोला न विचारता घेतला, आणि तोही पोरीच्या बारशाला, घुगऱ्या शिजत असताना.

पोरीचं नाव नलिनी ठरलं होतं. रुखमानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते रेंजरसाहेबांच्या बंगल्यावर ऐकलं होतं. नलिनी म्हणजे कमळ. "म्हंजे गाळात उगवते ते?" एवढंच देवाजीची माय म्हणाली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

मायचं नाव भागीरथा. भगीरथ राजानं तप करून खाली आणलेली गंगा, तीच ही. माय जन्मली त्या दिवशी तिच्या बापाच्या कोरड्या विहिरीला झरा लागला, म्हणून ते नाव. तिच्या तरुणपणी पाणवठ्यावर नुसतं "वो भागीरथा" म्हटलं की निम्म्या बायका वळून पाहायच्या. आता गावात ती एकटी उरली होती. नव्या पोरी सगळ्या कुमुद, नाहीतर शैलजा.

"माह्यासंग माह्यं नावही जाते आता," माय पुटपुटली.

देवाजीचं काळीज हललं. त्याला बहीण नव्हती, म्हणून शेजारची वच्छला आत्या होऊन पाळण्यावर वाकली होती. देवाजीनं घाईघाईनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. वच्छलेनं कुर्रर्र केलं आणि 'भागीरथा' असं जाहीर केलं. माय रडली. रुखमाही रडली. (दोघी आनंदानं रडल्या, असं देवाजीला वाटलं.)

दुसऱ्या दिवशी घोळ कळला. सासूचं नाव सून कसं घेणार? रुखमा पोटच्या पोरीला "हे" म्हणू लागली. देवाजीच्या वडिलांनी, मुखरूबुवांनी, बायकोचं नाव लग्नात घेतलं तेच शेवटचं. ते नातीला खोकून बोलावत. देवाजी एकदा "भागीरथे, गप बस!" असं ओरडला, तर माय चुलीपासून ताडकन उठली.

"कोणाले गप बसवून राह्यला रे?"

ठेक्यावरचे लोक देवाजीला 'भागीरथेचा बाप' म्हणू लागले. ते कानावर पडलं की मुखरूबुवा त्याच्याकडे असे काही पाहत, जणू पोटचा मुलगा एकाएकी आपला सासरा झालाय. रुखमा तर नवऱ्याला कुठल्याच नावानं बोलावू शकत नव्हती. जेवण तयार झालं की ती ताटली आपटायची. बाकी काही नाही.

शेवटी एक दिवस ती भिंतीकडे तोंड करून बोलली, "दिवाळीपतुर मले माह्या पोरीले हाक मारता आली नाई, तं मी तिले घेऊन राजुऱ्याले माहेरी जातो."

मायनं ते ऐकलं. "नाव बदललं, तं मी चिमूरले नानाजीकडं जातो. मंग बसा कमळं तोडत!"

नानाजी म्हणजे देवाजीचा थोरला भाऊ. देवाजीची भूक मेली. पोरगी ठेवावी तर माय जाते, माय ठेवावी तर पोरगी जाते, आणि हे सगळं आपणच आपल्या तोंडानं ओढवून घेतलं. ठेक्यावर सागाचे लठ्ठे मोजताना त्याच्या डोळ्यांना धारा लागत. (तो भुसा गेला म्हणून सांगायचा.)

अशातच पोरगी तापानं फणफणली. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. घाबरलेल्या देवाजीनं मोटारीच्या ड्रायव्हरजवळ चिमूरला निरोप दिला, "नानाजीभाऊले सांग, भागीरथा लई बिमार हाये. भरोसा नाई."

नानाजीला बारशाला येता आलं नव्हतं. त्याच्या लेखी पोरगी नलिनीच होती.

पोरीचा ताप उतरला, तिला घरी आणलं, आणि त्याच दुपारी नानाजी आणि त्याची बायको रंभा हंबरडा फोडतच मोटारीतून उतरले. अंगणात पाऊल टाकता टाकता रंभानं पदरानं डोळे पुसले आणि देवाजीला विचारलं, "सासूबाईच्या हातातले चांदीचे गोठ कोणी काढून ठेवले?"

"हातातच हायेत वो," ओसरीवर तांदूळ पाखडत बसलेली माय म्हणाली. "पाह्य इकडं."

नानाजीचा हंबरडा मधेच थांबला. रंभा आल्या मोटारीनंच परत जायचं म्हणू लागली.

ते गेल्यावर मायनं सूप खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाली, "मले कुठी जायचं नाई. देवाजी, पोरीचं नाव बदल. नलिनीच ठेव. कमळ तं आपल्या बोडीतल्या पाण्यातही फुलते. माह्यं नाव माह्यापाशीच राहू दे, मी हावो तोवर."

वच्छलेनं पुन्हा कुर्रर्र केलं. देवाजीला घर परत मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज आला, "अवो नलूचे बाबा!"

बायकोची पहिली हाक! हातातला चहा तसाच ठेवून तो आत धावला. "काय वो, काय?"

"पोरीचे लंगोट धुवाचे हायेत. मंग पाणी भरा. मंग लाकडं फोडा."

इतके दिवस रुखमानं आपल्याला एकही काम का सांगितलं नाही, ते देवाजीला आत्ता समजलं. तो टोपली घेऊन निघाला, तोच ओसरीवरून मायनं हाक मारली.

"नलूच्या बाबा, माह्यं लुगडंही घेऊन जा!"