हिरवा दोरा

सासूबाई आणि बाबा तीन आठवडे नणंदेकडे निघाले. दारातच बाबांनी विचारलं, "झाडाकडे बघशील ना?" आणि मी "हो" म्हणाले. (लग्नाला चार महिने झाले होते. 'गुणी आहे, सगळ्याला हो म्हणते' एवढीच या घरात माझी कमाई. ती जपणं भाग होतं.)

झाड म्हणजे अंगणातलं हायब्रिड. एका जातीचा गुलाबी रंग, दुसरीचा काटकपणा, अशी दोन घराण्यांची सोयरीक. फळ धरायचं नाही, नुसतं फुलायचं; तेही पाचव्या वर्षी. हे पाचवं. बाबांनी चार वर्षं त्याची वाट बघितली होती, इतकी त्यांनी सुनेचीसुद्धा बघितली नसेल.

बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन. कागदाची कुठलीच बाजू वाया न घालवणारा माणूस. सूचना त्यांनी रेषा आखून लिहून दिल्या होत्या. रोज सहा तास ऊन. बोटभर खोल माती कोरडी झाली तरच पाणी. मुळाशी पाणी साचलं की कारभार आटोपला. तो कागद मी फ्रिजवर चारी कडांना चिकटपट्टी लावून चिकटवला.

"फ्रेमच करायचीस," नवरा म्हणाला.

पाचव्या दिवशी पहिलं पान गळलं. आठव्या दिवशी झाडाखाली सडा. माती तपासून तपासून माझ्या बोटाचं नख काळं पडलं. दहाव्या दिवशी अंगणात उभा होता तो एक उलटा खराटा.

"मेलं बहुतेक," नवरा चहा फुंकत म्हणाला.

"अरे, तुझ्या बाबांचं झाड आहे ते!"

"ताब्यात तुझ्या होतं."

(याच माणसाने सुखदुःखात साथ देईन असं सांगितलं होतं. झाडांचा उल्लेख नव्हता, हे खरं.)

अकराव्या दिवसापासून रोज सकाळी नऊला बाबांचा व्हिडिओ कॉल सुरू झाला. "झाड दाखव." एक दिवस नेटवर्क गेलं, दुसऱ्या दिवशी कॅमेरा बिघडला. तिसऱ्या दिवसासाठी सबब उरली नाही, तेव्हा मी शिवणाचा डबा काढला. गळलेल्यांतली बरी पानं निवडली, कमी पडली ती कुंपणावरच्या वेलीकडून उसनी घेतली आणि हिरव्या दोऱ्याने एकेक फांदीला बांधली. एकूण चौऱ्याऐंशी. नवऱ्याने स्टूल धरलं आणि तोंड बंद ठेवलं. दोन्ही लग्नानंतर पहिल्यांदाच.

नऊ वाजता मी दुरूनच फोन धरला. "बघा बाबा, हिरवंगार! एक पान गळलेलं नाही!"

बाबांचा चेहरा पडला. "एकही नाही?"

"एकही नाही!"

"अगं ए," ते मागे वळून सासूबाईंना म्हणाले, "बॅग भर."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले ते थेट झाडापाशी. चष्मा कपाळावर सरकवून वाकले. आधी पान बघितलं. मग गाठ. मग मला.

"हे काय?"

'हो' हे उत्तर इथे चालण्यासारखं नव्हतं. "बाबा, झाड गेलं," एवढं म्हणेपर्यंत मला रडूच फुटलं. "कागदावरचं सगळं केलं हो मी!"

बाबा स्वयंपाकघरात गेले, फ्रिजवरचा कागद सोलला आणि उलटा करून माझ्या हातात दिला. पाठीमागे तितक्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'फुलण्याआधी सगळी पाने गळतील. घाबरू नये.'

"पानं गळली नाहीत म्हटल्यावर यंदाही फूल नाही," बाबा म्हणाले. "रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही!"

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं गाठी कापत बसलो. तिसाव्या की एकतिसाव्या गाठीखाली मुगाएवढी कळी होती.

पंधरा दिवसांत झाड नखशिखांत गुलाबी झालं. शेजारीपाजारी बघायला येऊ लागले. शेजारच्या काकूंनी नेमकं बोट ठेवलं, "सगळी फुलंच फुलं, मग हे एकच वाळकं पान कसं राहिलं?"

"मुद्दाम ठेवलंय," बाबा म्हणाले. "फुलं झाडाची, पानं आमच्या सूनबाईची. सूनबाई, काकूंना ती गाठ जरा जवळून दाखव गं."

मी "हो" म्हणाले.