येते का वापस?

आमच्या आर्णीच्या बाजारात मेश्राम मास्तर दिसले की भाजीवाल्या टोपलीवर पदर टाकायच्या. मास्तर वांग्यात अंगठा दाबणार आणि खळगा भरून येईपर्यंत हटणार नाहीत. "येते का वापस?" एवढाच त्यांचा सवाल.

ते हायस्कुलात सायन्स शिकवायचे. त्यांची आमची भिंत एकच. पाव, गादी, माझ्या पोराचे गाल, त्यांनी काही सोडलं नाही. एकदा हेडमास्तरांचं पोट दाबलं. ते वापस आलं, म्हणून नोकरी राहिली.

खरं वेड डिंकाचं. झरीकडच्या जंगलातला डिंक घरी आला की लाडवांआधी मास्तरांची वाटी भिजायची. खडे फुगून लिबलिबीत झाले की वर्गात नेऊन पोरांना दाबायला लावत. न पाहताच कोणी "आलं" म्हटलं, तर त्याला वर्गाबाहेर काढत.

"आत धागे असतात, एकमेकायले धरून," ते सांगायचे. "दाबलं तं ताणतात, सोडलं तं वापस. पण पानी लय झालं, का त्यायची पकड सुटते."

मग मास्तरीणबाईंच्या पायांवर सूज आली. यवतमाळच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं, आणि सूज किती ते कळायला नडगी रोज दाबून पाहा म्हणाले. ज्याला सांगू नये त्यालाच सांगितलं.

मास्तरांनी स्वतःचंही मीठ सोडलं. पाहुण्यांनाही अळणी पिठलं मिळू लागलं, त्यामुळे पाहुणे आटले. सकाळी भिंतीपलीकडून बाईंचा आवाज यायचा, "मले काय डिंकाची वाटी समजून राह्यले तुमी?" आणि दोघं हसायचे.

पुढं हसणं ऐकू येईना. खळगा भरायला वेळ लागू लागला होता. मास्तर बाजारात आले तरी वांग्यांकडे बघत नसत. वाटी कोरडी पडली. मला त्यांची थट्टा करवेना.

एका सकाळी मी दूध द्यायला गेलो. मास्तर खाटेपाशी बसून बाईंची नडगी दाबत होते. त्यांनी अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा. बाईंना मान उचलून बघण्याची ताकद नव्हती.

"आलं का हो वापस?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी खळगा तळहातानं झाकला.

"आलं," ते म्हणाले. "लवकर आलं आज."

"मंग बरं," म्हणून बाईंनी डोळे मिटले. मास्तरांनी हात काढला नाही. मी दूध चुलीपाशी ठेवलं आणि निघून आलो.