पोकळीतला वावर

हे सत्त्याण्णव साली घडलं की अठ्ठ्याण्णव साली, याची मला खात्री देता येणार नाही. माझी बायको नेस्टा म्हणते अठ्ठ्याण्णव, आणि सालांच्या बाबतीत ती सहसा चुकत नाही. मी चुकतो. (तीस वर्षं कॉलेजात ज्ञानमीमांसा शिकवली. म्हणजे, आपल्याला जे माहीत आहे ते खरंच माहीत आहे का, हा विषय. इतकी वर्षं हेच विचारत राहिलं की माणसाला स्वतःचा वाढदिवससुद्धा एक अंदाज वाटू लागतो.) डायऱ्या असत्या तर पाहून सांगितलं असतं, पण त्या कौन्सिलच्या वकिलांकडे गेल्या त्या गेल्याच.

आम्ही दक्षिण लंडनमध्ये एका जुन्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेत राहतो. घर कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं. भिंती कौन्सिलच्या, छप्पर कौन्सिलचं. आम्ही फक्त वरच्या मजल्यावर सव्वाशे वर्षं राहण्याचा हक्क विकत घेतलेला. (त्यातली सव्वाशेच्या सव्वाशे वर्षं आपण वापरणार असं मला त्या वेळी का वाटलं, कोण जाणे.) आमच्या डोक्यावर पोटमाळा होता. त्याची झडप आमच्या बाथरूमसमोरच्या छतात, पण पोटमाळा मात्र आमचा नव्हता.

तो आम्हाला अचानक हवासा झाला. आमची मुलगी ब्रॉनवेन नवऱ्यापासून वेगळी झाली होती आणि सहा महिन्यांच्या मेवला घेऊन सप्टेंबरात कुठेतरी राहायला जाणार होती. कुठेतरी म्हणजे एक तर आमच्याकडे, नाहीतर नेस्टाच्या बहिणीकडे कॅनडात, विनिपेगला. विनिपेगला पाच बेडरूम होत्या. आमच्याकडे एक, आणि एक माझी अभ्यासिका, जिच्यात पुस्तकं उभी राहात आणि मी तिरका.

"पोटमाळा विकत घेऊ," नेस्टा म्हणाली. "वर दोन खोल्या निघतील."

"कौन्सिल विकेल?"

"विचारायला काय जातं?"

(काय जातं ते पुढे कळलं.)

कौन्सिलचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. 'आपल्या सदनिकेवरील पोकळी' विकायला त्यांची तत्त्वतः हरकत नव्हती. पोकळी हा त्यांचा शब्द. मला तो वाचून थोडं थंड वाटलं. आपल्या डोक्यावर एक पोकळी आहे, तिला मालक आहे, आणि तो मालक दर गुरुवारी कचरा उचलतो. सोबत एक फॉर्म होता. अठरा प्रश्न. सतरा सोपे होते.

अठरावा असा: 'आपल्या माहितीप्रमाणे सदर पोकळीत कोणाचा वावर आहे काय? असल्यास केव्हापासून?'

"'नाही' लिही," नेस्टा म्हणाली.

"मला खात्री नाही."

"कशाची?"

"वर कोणी नाही याची."

नेस्टाने चष्मा काढला. ती चष्मा काढते तेव्हा मी शक्य असेल तर खोलीबाहेर जातो. "क्लेम, वर जायला शिडी लागते. शिडी आपल्याकडे आहे."

मग मला सांगावंच लागलं. रोज दुपारी चार वाजता, ती लायब्ररीत कामावर असताना, वर कोणीतरी चालायचं. झडपेच्या बाजूने भिंतीकडे, सात पावलं. सावकाश, जड, एकेक. सातव्यानंतर शांतता. हिवाळ्यात, उन्हाळ्यात, नाताळातसुद्धा. (सुटीच्या दिवशी चारला ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून असायची.) पहिल्यांदा ऐकलं ऑक्टोबर पंच्याऐंशीत, आणि तेव्हापासून मी डायरीत नोंद ठेवत होतो.

"बारा वर्षं? आणि तू वर जाऊन पाहिलं नाहीस?"

"पाहिलं असतं आणि कोणी नसतं, तर?"

"तर बरंच की."

"मग पावलं कोणाची?"

नेस्टाने चष्मा परत लावला. पण त्या दिवसापासून ती बाथरूमला जाताना वर न बघता जायची, आणि झडपेखाली पोचली की तिची चाल थोडी वाढायची.

मी फॉर्मवर खरं ते लिहिलं. 'निश्चित नाकारता येत नाही. ऑक्टोबर १९८५ पासून. तपशील सोबतच्या डायऱ्यांत.' बारा डायऱ्या पार्सल केल्या. त्या घटकेला मला फार स्वच्छ वाटलं होतं. (आयुष्यातले माझे सगळे मूर्खपणे असेच स्वच्छ वाटत सुरू झालेले आहेत.)

पंधरा दिवसांनी, सकाळी अकराला, कौन्सिलचे श्री. सोवांडे आले. उंच, शांत माणूस, अंगात चांगला कोट, हातात टॉर्च. आमच्या डायऱ्या त्यांनी वाचल्या होत्या.

"सर, सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये तुम्ही लिहिलंय, 'आज पावलं जास्त विचारात वाटली.'"

"हो. तसं वाटलं खरं."

"माझी आजी नायजेरियात, इबादानला, असल्या घरात भाड्याने राहिली नसती," ते म्हणाले, "आणि मी आज ते विकायला आलोय." त्यांनी कोट काढून नेस्टाकडे दिला, बाह्या दुमडल्या आणि शिडी चढले. झडप उचलली. आतून गार, धुळीचा वास खाली आला आणि त्यात आणखी एक वास होता. मला तो ओळखीचा वाटला, पण नाव सापडेना.

सोवांडे छातीपर्यंत आत गेले आणि थांबले. बराच वेळ टॉर्च हलला नाही.

"सर," ते वरून हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही वर खुर्ची ठेवली आहे का?"

"नाही."

"गालिचा?"

"नाही."

"खुर्ची या झडपेकडे तोंड करून आहे." मग आणखी हळू, "शेजारी चहाचा कप आहे. त्यातून वाफ येतेय."

वास चहाचा होता. नेस्टाने माझं मनगट पकडलं. तिची बोटं बर्फासारखी होती, का माझं मनगट तसं होतं, ते आता सांगता येत नाही. वर अंधारात दूर कुठेतरी लाकूड करकरलं. मग काहीतरी फरफटत आलं, मऊ, न उचलता टाकलेल्या पावलांसारखं. सोवांडे शिडीवरून उतरलेही नाहीत आणि चढलेही नाहीत.

"माफ करा हं," अंधारातून आवाज आला, "साखर आणायला गेलो होतो."

ते आमचे शेजारी श्री. क्विल्टर होते, पायात सपाता. त्यांचं घर त्यांच्या स्वतःच्या मालकीचं, आईकडून आलेलं. तेव्हा कळलं की आमच्या रांगेत घराघरांमधल्या भिंती बेडरूमच्या छतापर्यंतच आल्या होत्या. पुढे बांधणाऱ्याच्या विटा संपल्या असाव्यात, किंवा उत्साह. क्विल्टर आपल्या झडपेतून चढायचे, तुळयांवरून चालत आमच्या डोक्यावर यायचे आणि तिथे बसायचे.

"पण आमच्याच डोक्यावर का?" नेस्टाने विचारलं.

"तुमच्याकडे गप्पा चांगल्या असतात, मिसेस ऑरेल. माझ्याकडे कोणीच नाही." मग झडपेतून डोकं काढून, "गुडघा कसा आहे आता? आणि ब्रॉनवेन सप्टेंबरात येतेय ना?"

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. जेवताना. डॉक्टरांना ऐकू आलं नव्हतं, पण मला आलं." (डॉक्टर म्हणजे मी. तत्त्वज्ञानाचा.)

सोवांडेंनी वही काढली. "श्री. क्विल्टर, तुम्ही इथे केव्हापासून येता?"

"आठवत नाही बुवा. बरेच दिवस झाले."

"डॉक्टरांच्या नोंदीनुसार ऑक्टोबर पंच्याऐंशीपासून. रोज चारला."

"चारला?" क्विल्टरनी डोकं खाजवलं. "चारला मी झोपलेला असतो. पण डॉक्टर एवढे शिकलेले. त्यांनी लिहून ठेवलंय म्हणजे येत असेन."

मला तेव्हा हे फार समजूतदार उत्तर वाटलं.

कौन्सिलच्या वकिलांचं पत्र मे महिन्यात आलं. दुसऱ्याच्या जागेत कोणी उघडपणे, अखंड बारा वर्षं वावरला आणि मालकाने हरकत घेतली नाही, तर मालकाला ती जागा परत मागता येत नाही. या प्रकरणी वावराचा पुरावा अपवादात्मक दर्जाचा होता: एका निवृत्त प्राध्यापकाने समकालीन टिपणांत रोजच्या रोज नोंदवलेला. सबब पोकळी क्विल्टर यांची. कौन्सिल ती विकू शकत नाही. डॉ. ऑरेल यांच्या सहकार्याबद्दल आभार.

नेस्टा ते पत्र उभ्याने वाचत होती. वाचून झाल्यावर ती खाली बसली आणि म्हणाली, "विनिपेगला हिवाळ्यात उणे तीस असतं." एवढंच. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात आम्ही फार हळू बोललो, कारण वर ऐकणारा होता. पण हळू रडणं नेस्टाला जमत नाही. शनिवारी झडपेवर तीनदा टकटक झाली.

"मिसेस ऑरेल," झडपेआडून आवाज आला, "मला ऐकायचं नव्हतं. पण जागा आता माझी आहे म्हणतात. मुलीला इथेच राहू दे की. खोल्या करून घ्या. जिना मात्र माझ्या घरातून काढावा लागेल, तुमच्या बाथरूमसमोर जिना मावणार नाही."

आणि तसंच झालं. ब्रॉनवेन सप्टेंबरात आली आणि आमच्या डोक्यावर राहू लागली. तिला भेटायचं तर आम्ही खाली उतरायचो, रस्त्यावर यायचो, शेजारच्या दाराची घंटी वाजवायचो, क्विल्टरच्या पॅसेजमध्ये त्यांच्याशी हवामानावर बोलायचो आणि दोन मजले चढून आमच्याच छतावर पोचायचो. पावसात छत्री घेऊन. मेव बोलायला लागली तेव्हा क्विल्टरना आजोबा म्हणू लागली. मला ती 'खालचे आजोबा' म्हणते. अजूनही.

क्विल्टर गेले त्याला काही वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांना माझ्या नोंदींबद्दल आदर होता. "माझ्यापेक्षा माझं आयुष्य तुम्हालाच जास्त ठाऊक, डॉक्टर," असं ते म्हणायचे, आणि मी नम्रपणे मान हलवायचो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमचा बॉयलर बदलायला प्लंबर आला. पाहणी करून तो म्हणाला, "गरम पाणी रोज चारला चालू होतं. हे कोणी लावलंय?"

"मी," मी म्हणालो. "बॉयलर बसवला तेव्हा. दुपारच्या चहाची भांडी धुवायला बरं पडतं."

"केव्हा बसवलात?"

बॉयलरच्या पाठीमागे चिठ्ठी होती. अक्षर माझंच. ऑक्टोबर १९८५.

"पाईप वर पोटमाळ्याच्या तुळयांवरून जातो," प्लंबर म्हणाला. "तापला की लांबतो, आणि क्लिपा सैल असल्या की प्रत्येक क्लिपेपाशी ठोका देतो. तुम्हाला कधी आवाज नाही आला?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

एका प्लंबरच्या शब्दावर माझ्यासारख्याने विश्वास ठेवणं बरं नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशी, ब्रॉनवेन कामावर आणि मेव शाळेतून मैत्रिणीकडे गेलेली असताना, वर कोणीही नाही याची दोनदा खात्री करून, मी आणि नेस्टा झडपेखाली उभे राहिलो. चार वाजले. वर कोणीतरी सावकाश, जड, एकेक पाऊल टाकत भिंतीकडे गेलं. नेस्टाने बोटांवर मोजली. सात.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. पाणी गरम आलं.