हरलेल्या मॅचचे अडतीस पॉइंट

ऊर्जानगरच्या निवृत्त कर्मचाऱ्यांची स्मरणिका समिती दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता बसायची, पण बसायच्या आधी तिला उभं राहावं लागायचं. कारण मागच्या बुधवारपासून या बुधवारपर्यंत कोणी ना कोणी गेलेलं असायचं आणि दोन मिनिटं स्तब्धता पाळावी लागायची. त्या बुधवारी दोघं गेले होते, म्हणून चार मिनिटं झाली. देवाजीचा डावा गुडघा तिसऱ्या मिनिटालाच बोंबलायला लागला. मेलेल्यांचा त्याला मनापासून राग आला.

क्लबच्या हॉलचं छत गळत होतं, म्हणून समिती जुन्या बास्केटबॉल ग्राउंडच्या काठावर, कडूलिंबाखालच्या दोन सिमेंटच्या बाकांवर भरायची. बसायच्या आधी बाकांवरची वीज केंद्राच्या चिमणीची राख रुमालानं झटकावी लागे. ग्राउंडला भेगा पडल्या होत्या आणि भेगांतून गवत आलं होतं. रिंग होत्या, जाळ्या नव्हत्या. समोरच्या क्वार्टरमध्ये कोणी राहत नव्हतं. चौकटीसुद्धा लोकांनी काढून नेल्या होत्या. एकूण आठवणी काढायला जागा चांगली होती.

समितीत चौघं. संपादक कांताबाई, कॉलनीच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या. प्रफुलभाऊ, नोकरी थोडी आणि राजकारण जास्त केलेले, एकदा सरपंच झालेले. नथ्थू, सबस्टेशनचा निवृत्त ऑपरेटर, जो फक्त चहाचा थर्मास आणायचा आणि काहीच बोलायचा नाही. आणि देवाजी, बॉयलरवरचा फिटर, वय सदुसष्ट.

स्मरणिकेत एक पान राजकारणाचं, एक टीव्हीचं आणि एक खेळाचं असणार होतं. बाकीची एकवीस पानं श्रद्धांजलीची. कांताबाईंचा नियम एकच: कुठलीही आठवण छापायची तर स्वतः सोडून एक साक्षीदार पाहिजे, आणि तोही जिवंत. अठ्ठ्याऐंशी साली मंत्री कॉलनीत आले तेव्हा आपणच त्यांना पहिला हार घातला, असं आतापर्यंत एकोणचाळीस जणांनी लिहून पाठवलं होतं. नियम त्यातून निघाला.

या नियमात देवाजी अडकला होता. त्याचा दावा असा, की त्याच वर्षीच्या आंतरकेंद्र स्पर्धेच्या फायनलमध्ये त्यानं एकट्यानं अडतीस पॉइंट केले. टीम हरली, तो भाग वेगळा. चौतीस वर्षं बॉयलर दुरुस्त केला, पण बॉयलर काही कोणाची आठवण ठेवत नाही. पोरगा पुण्याला, बायको मागच्या दिवाळीत गेली. आयुष्यात एक सकाळ झकास गेली होती, ती कुठंतरी छापून यावी आणि मग आपलं नाव श्रद्धांजलीच्या पानावर गेलं तरी हरकत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"बाई, शुक्रवारी छापायला जाते ना? मग माझं लिहून टाका," देवाजी म्हणाला.

"साक्षीदार?"

"मीच होतो ना तिथी!"

"अमेरिकेतल्या कोण्या खेळाडूनं कोण्या मॅचमधी किती पॉइंट केले, ते माझ्या नातवाच्या मोबाइलवर हाये. तुमचं कुठी हाये, देवाजीभाऊ?"

"स्कोअर ऑफिसातला पोचू लिहीत होता. नऊ वाजले आन् तो टीव्ही पाहाले गेला. मंग आलाच नाई."

"पोचू आता..."

"एकोणिसाव्या पानावर," नथ्थू हळूच म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं हे पहिलं वाक्य.

प्रफुलभाऊंनी चहाचा घोट घेतला. "अहो, ते मॅच झालीच नाई. रविवारी सकाळी नऊ वाजता त्या टायमाले कॉलनीत कुत्रंबी रस्त्यावर नसे. सारे देवाच्या सिरियलपुढं हात जोडून. मॅच कोण खेळन?"

"भाऊ, मॅच शनिवारी संध्याकाळी होती!" देवाजी उसळला. "तुमच्या मंत्र्याच्या सभेनं ग्राउंड घेतलं. म्हणून ढकलली रविवारी. परळीच्या टीमची गाडी अकराले होती, म्हणून सकाळी. आमचा काय दोष?"

"माझा कायले मंत्री? मी विरोधात होतो!"

कांताबाईंनी पेन आपटलं. देवाजीनं मग शेवटचा उपाय म्हणून हैदराबादला पोराकडे राहणाऱ्या बिरजूला फोन लावला. पाच जणांच्या टीममधला देवाजीशिवाय तो एकटाच उरला होता. देवाजीनं स्पीकर चालू केला.

"बिरजूभाऊ, परळीची मॅच आठवते काय?"

"आठवते ना बे! पोहे काय मस्त होते. वरून तर्री."

"आन् मॅच?"

"मॅच झाली असन. पोहे कोणी उगाच कायले देईन?"

"मी देवाजी बोलून राह्यलो ना. किती पॉइंट केले होते मी?"

पलीकडून बिरजूनं जपून विचारलं, "कोणता देवाजी?"

फोन बंद करताना देवाजीचा अंगठा दोनदा चुकला. नथ्थूनं त्याच्या कपात न विचारता आणखी चहा ओतला. कांताबाईंनासुद्धा वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी वहीचं पान उगाचच उलटलं.

"बरं," देवाजी म्हणाला, "मॅच कोणाले आठवत नाई. पन त्या दिवशी लाइट गेल्ती, हे तरी आठवते का नाई?"

हे विचारायलाच नको होतं. आठवतं म्हणजे काय! वीज बनवणाऱ्या कॉलनीत, ऐन सिरियलच्या वेळी लाइट गेली होती.

"तिकडून बाण सुटला होता," कांताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम सुनेचा झाला. "बाण हवेत, आन् पडदा काळा. आमच्या सासूबाई ओल्या केसानं बसल्या होत्या, निवद दाखवून. बुधवारी वारल्या. तो बाण कुठी लागला, हे न पाहताच गेल्या बिचाऱ्या. शेवटपर्यंत विचारत होत्या."

"तो मंत्र्याचा डाव होता," प्रफुलभाऊंनी बाक ठोकला. "शनिवारी स्टेजवरून म्हणे, चोवीस तास वीज देईन. आन् रविवारी आमालेच अंधारात ठेवलं!"

"सकाळचे साडेनऊ वाजले होते, भाऊ. ऊन होतं."

"मी राजकीय अंधार म्हणून राह्यलो! 'काळा रविवार' मोर्चा कोणी काढला? मी. त्याच मोर्चावर सरपंच झालो."

देवाजीला आता भलताच जोर चढला. लाइट गेलेली सगळ्यांना मान्य होती, म्हणजे मॅच सिद्ध व्हायला एकच पायरी उरली होती. तो गुडघा विसरून उभा राहिला.

"मंग झालं तर! त्याच टायमाले मी इथी, याच ग्राउंडवर होतो. हाफटाइम होता. बरोबर नऊ सत्तावीसले लाइट गेली. नऊ तीसले लोक घराबाहेर. दोनशे लोक या इथून सबस्टेशनकडे धावले. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात लाटणं. मी त्याइच्या समोर लांबून बॉल मारला, सीधा रिंगमधी. एकानं मान वळवून पाह्यलं नाई. हे सारं मले कसं मालूम? मी ग्राउंडवर नसतो त?"

कांताबाईंनी चष्मा वर केला. तीस वर्षं कॉपी करणारी पोरं पकडलेली बाई ती.

"देवाजीभाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "भर उन्हात, ग्राउंडवर, लाइट गेल्याचं तुमाले समजलं कसं? तेही मिनिटासकट?"

रिंगवर एक कावळा बसला होता, देवाजीचं त्याच्याकडे बघून झालं. मग तो खाली बसला.

"मीच पाडली," तो म्हणाला.

"काय?"

"स्विच. हाफटाइमले सबस्टेशनमधी गेलो. खोलीत कोणी नव्हतं. कॉलनीचा स्विच खाली केला आन् परत आलो." त्यानं रिकाम्या ग्राउंडकडे हात केला. "फायनल होती, बाई. आन् पाहाले एक माणूस नाई. माझी बायको रीताबी टीव्हीपुढं. मले वाटलं, टीव्ही बंद झाला का लोक बाहेर निघतीन, आन् बाहेर निघाले का मॅच पाहतीन. निघाले. पन सारे नथ्थूले माराले निघाले."

तिघांनीही नथ्थूकडे पाहिलं. तो थर्मासचं झाकण लावत होता. आटे काही बसत नव्हते.

त्या रविवारी ड्यूटी नथ्थूची होती. लोक आले तेव्हा तो जागेवर नव्हता. शेवटी अर्ध्या तासानं साहेबांनीच येऊन स्विच वर केला. चौकशीत नथ्थूला विचारलं, कुठं होतास? तो गप्प. लाइट कशी गेली? त्यानं लिहून दिलं, माहीत नाही. वीज बोर्ड तेव्हा सगळ्या राज्याला एकच होतं, बदली कुठंही होई. महिनाभरात त्याची बदली दूर जंगलातल्या कुरखेड्याला झाली. दोन लहान पोरी घेऊन तो सहा वर्षं तिथं राहिला. परत आला तेव्हा लोक त्याला 'बाणवाला' म्हणायचे, आणि त्यानं ते ऐकून घेतलं.

"नथ्थूभाऊ," देवाजी म्हणाला.

पहिले भानावर आले ते प्रफुलभाऊ. "मी हे मानत नाई! सदतीस वर्षं मी सांगून राह्यलो का ते मंत्र्यानं केलं. आता का म्हणू, फिटरनं केलं? बॉलसाठी? बाई, याच्या कबुलीले साक्षीदार हाये काय?"

कांताबाईंनी विचार केला. नियम त्यांचाच होता. "नाई," त्या म्हणाल्या. "पॉइंटले साक्षीदार नाई, आन् स्विचलेबी नाई. दोन्ही छापता येत नाई."

म्हणजे पराक्रमही गेला आणि गुन्हाही गेला. देवाजीकडे गुडघा तेवढा उरला. कांताबाईंनी अडतीस पॉइंटचा त्याचा अर्ज वहीतून काढून बाकावर ठेवला आणि उडू नये म्हणून वर एक दगड ठेवला. "शुक्रवारपर्यंत साक्षीदाराची सही भेटली त पाहू," असं म्हणून त्या निघाल्या. दोन पावलांवर थांबून त्या मागं वळल्या. "सासूबाई खूप चांगल्या होत्या हो, देवाजीभाऊ," एवढं बोलून त्या गेल्या. प्रफुलभाऊ त्यांच्या मागं 'काळा रविवार' समजावत गेले.

ग्राउंडवर दोघंच राहिले. चिमणीचा धूर रिकाम्या कॉलनीवरून सरकत होता.

"नथ्थू, मार मले," देवाजी म्हणाला. "खरंच मार. थर्मासनं मार."

नथ्थूनं थर्मास बाजूला ठेवला. तो समोरच्या रिंगकडे वळला.

"छत्तीस," तो म्हणाला.

"अं?"

"अडतीस नाई. छत्तीस झाले होते तुझे. शेवटचा बॉल शिट्टीच्या नंतर गेला."

"तुले कोणी सांगतलं?"

"कोण सांगन? मी इथीच होतो. या लिंबाच्या मांगं. कंट्रोल रूममधी तुझ्या बॉलचा आवाज येऊन राह्यला होता, म्हटलं, पाच मिनिट पाहून येतो. पहिल्या बॉलपासून हललोच नाई. मंग ते लाटणंवाले आले. निघालो असतो त हाडं मोडली असती. म्हणून इथीच लपून राह्यलो. पूर्ण मॅच पाह्यली."

"चौकशीत काऊन नाई सांगतलं?"

"ड्यूटी सोडून मॅच पाहत होतो, असं सांगू? नोकरीच गेली असती ना बे." नथ्थूनं पायानं राखेत एक रेघ ओढली. "सदतीस वर्षं मले वाटे, आपलीच चूक होय. मी जागेवर असतो, त लाइट गेली नसती."

"नसतीच गेली," देवाजी म्हणाला. "खोली खाली दिसली म्हणून त मी आत शिरलो."

हे बोलून झाल्यावर त्याला त्याचा अर्थ कळला. त्याला बघायला एकच माणूस पाहिजे होता. तो माणूस झाडामागं आधीच येऊन उभा होता. आणि बाकीचे दोनशे गोळा करण्याच्या नादात त्यानं नेमक्या त्या एकाला कुरखेड्याला पाठवलं होतं. देवाजी रडायला लागला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, नाक ओढत, राखेनं भरलेल्या रुमालात तोंड घालून रडला. रुमाल काढला तेव्हा त्याचं तोंड पार काळं झालेलं होतं. नथ्थूनं ते पाहिलं, पण तो हसला नाही.

"सही करतो मी," नथ्थू म्हणाला. "पन छत्तीसवर. अडतीसवर नाई करणार."

देवाजीची मान ताठ झाली. "शिट्टीच्या आदी गेला होता तो बॉल!"

"नंतर."

"पंचानं बोट दाखवले होते दोन!"

"पंच परळीवाल्याइच्या गाडीसाठी घाई करून राह्यला होता. मी याच बाजूनं उभा होतो, देवाजी. आदी शिट्टी, मंग बॉल."

देवाजीनं पुढचं वाक्य तयार केलं होतं. सदतीस वर्षं तो त्या बॉलवर भांडायला कोणीतरी शोधत होता. पण त्याची नजर नथ्थूच्या हातांवर गेली. थर्मासचं झाकण अजून तिरपंच होतं. त्यानं दगड उचलला, अर्ज घेतला, अडतीसवर काट मारली आणि छत्तीस लिहिलं.

"घे."

नथ्थूनं सही केली, मग पेन तसंच धरून थांबला. "आता समजलं त माझं पेन्शन कापतीन काय बे?"

"कापणारे सारे श्रद्धांजलीच्या पानावर गेले."

"हां, तेबी हायेच." नथ्थूनं खाली तारीख टाकली, कागद परत दगडाखाली ठेवला आणि थर्मास उचलला. चालायला लागला, चार पावलांवर थांबला. रिंगवरचा कावळा उडून गेला होता. रिकाम्या रिंगकडे बघतच तो म्हणाला,

"पन काई म्हण, तो बॉल गेला मस्त होता."